पुलावरचा अंतरा

बँकेतल्या माणसाला ‘थांबा’ हा शब्द नवा नाही. दिवसातून शंभरदा तरी आम्ही तो उच्चारतो. पासबुक छापायला आलेल्या आजोबांना थांबा, ड्राफ्ट न्यायला आलेल्या शिपायाला थांबा, आणि सर्व्हरने मान टाकली की सगळ्या रांगेलाच थांबा. पण जगाला एवढं थांबवणारा हा माणूस स्वतः मात्र कधी थांबत नाही. सकाळी घराचं दार ओढून घेतल्यापासून खुर्चीला पाठ टेकेपर्यंत त्याचं जे काही चालतं त्याला चालणं म्हणत नाहीत, आणि पळणं म्हणावं तर चाळिशीच्या पोटाला ते शोभत नाही. तो आपला सरकत असतो. पुढचा सरकला की हाही सरकतो.

तर अशा सरकण्याच्या वाटेवर कुणी गात-वाजवत बसलेलं असेल तर आपण थांबावं की नाही, हा प्रश्न मी बरीच वर्षं डोक्यात घेऊन हिंडतो आहे. बी.कॉम.ला हा विषय नव्हता. असता तरी मी तो ऑप्शनला टाकला असता.

प्रश्न तसा साधा आहे. कुणीतरी गातं, आपल्या कानावर ते पडतं, आपण न थांबता पुढे जातो. यात आपण कुणाचं काही बुडवलं का? दुकानातला माल उचलून पैसे न देता निघालो तर ती चोरी झाली. पण गाणं काही आपण उचललेलं नसतं, ते आपणहून कानात शिरलेलं असतं. शेजारच्या फोडणीचा वास आला म्हणून कुणी भाजीचे पैसे नेऊन देत नाही. खरं आहे. पण वास चांगला असेल तर ‘काय वहिनी, आज काय बेत?’ एवढं तरी आपण विचारतो की नाही? गाणाऱ्याला आपण तेवढंही विचारत नाही.

माझा गायक आमच्या स्टेशनच्या पुलावर बसतो. ‘माझा’ म्हणायचं कारण, वर्षाचे अडीचशे दिवस, दिवसातून दोनदा, अशी अकरा वर्षं धरली तर मी त्याच्यासमोरून साडेपाच हजार वेळा गेलो आहे. सख्ख्या मामाच्या दारावरून मी इतक्या वेळा गेलेलो नाही. त्याच्याकडे एक पेटी आहे. तिची एक काळी पट्टी दाबली की वर येत नाही. ती तो करंगळीने उचलतो आणि हे करताना ताल सुटू देत नाही. हे सगळं निरीक्षण न थांबता, हप्त्याहप्त्याने केलेलं आहे.

कधीमधी मी एखादं नाणं टाकतो. आता हे नाणं कोणत्या खात्याला नावे टाकायचं? दान म्हणावं, तर समोरच्याने काम केलेलं आहे. फी म्हणावी, तर मी मागणी नोंदवलेली नव्हती. बक्षीस म्हणावं, तर बक्षीस देणारा आधी ऐकतो आणि मग देतो. मी टाकतो आणि पळतो. बँकेत अशा बेवारशी रकमांसाठी ‘सस्पेन्स अकाउंट’ नावाची एक फार माणुसकीची सोय असते. पण तिथेही रक्कम कायमची ठेवता येत नाही, कधीतरी ऑडिटर येऊन विचारतोच.

आमच्या हेड कॅशिअरांना हा प्रश्न मी डब्याच्या वेळी घातला. ते म्हणाले, ‘‘नाणी टाकू नका. ती फिरून आपल्याच काउंटरवर मोजायला येतात.’’ घरी आमच्या हिला विचारलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘तुम्ही या प्रश्नावर जेवढा वेळ घालवलात ना, तेवढ्यात दोन गाणी ऐकून झाली असती.’’ बायकांना तत्त्वज्ञानात गती नसते असं नाही. त्यांना ते लवकर संपवायचं असतं एवढंच.

हाच प्रश्न अमेरिकेत एका वर्तमानपत्राला पडला होता. प्रश्न पडला की आपल्याकडे परिसंवाद ठेवतात, तिकडे प्रयोग करतात. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १२ जानेवारी २००७ रोजी सकाळी आठच्या सुमाराला वॉशिंग्टनच्या लान्फाँ प्लाझा या मेट्रो स्टेशनात जोशुआ बेल यांना व्हायोलिन वाजवत उभं केलं. बेल म्हणजे जगातल्या पहिल्या रांगेतले वादक. तीनच दिवस आधी त्यांनी बॉस्टनचं सभागृह भरवलं होतं. तिथे बऱ्यापैकी खुर्चीला शंभर डॉलर पडत होते. इथे अंगात साधे कपडे, डोक्यावर बेसबॉलची टोपी, पुढ्यात व्हायोलिनची उघडी पेटी. व्हायोलिन मात्र स्ट्रॅडिव्हारीने १७१३ साली बनवलेलं, पस्तीस लाख डॉलरच्या घरातलं. सुरुवात केली ती बाखच्या एका अतिशय अवघड रचनेने. सगळं मिळून ४३ मिनिटं वाजवलं.

तेवढ्या वेळात समोरून १०९७ माणसं गेली. मिनिटभर तरी थांबली अशी सात. पैसे टाकले २७ जणांनी, बहुतेकांनी चालता चालताच. एकूण जमा बत्तीस डॉलर सतरा सेंट. एका बाईंनी बेल यांना ओळखलं आणि वीस डॉलर दिले, पण ते या हिशेबात धरलेले नाहीत. ओळखीने आलेली रक्कम वेगळी दाखवायची, हे ऑडिट मला फार आवडलं. या हकिगतीवर जीन वाइनगार्टन यांनी जो लेख लिहिला त्याला २००८ सालचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. म्हणजे वाजवणाऱ्याला बत्तीस डॉलर आणि न ऐकणाऱ्यांवर लिहिणाऱ्याला पुलित्झर. असो, आमचीही थोडीफार तीच लाइन आहे.

हजारात सात, म्हणजे शेकडा पाऊणसुद्धा नाही. एवढ्या कमी दराने आमची बँकसुद्धा व्याज देत नाही. ही गोष्ट जो कुणी सांगतो तो शेवटी मान हलवून म्हणतो, ‘‘पाहा, माणसाला सौंदर्याची कदर उरली नाही.’’ मला हे पटत नाही. त्या स्टेशनातून जाणारे बहुतेक लोक कोण होते? सरकारी कचेऱ्यांतले मधल्या फळीतले नोकरदार. म्हणजे आपलेच जातभाई. त्यांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.

एक तर त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आपण नोट घेतो ती कागद बघून नव्हे, त्यावर गव्हर्नरची सही असते म्हणून. सभागृह, तिकीट, पडदा, निवेदिकेचं लांबलचक प्रास्ताविक या सगळ्या गाण्यावरच्या सह्याच आहेत. त्या काढून टाकल्या तर उरतं ते गाणं, आणि नुसतं गाणं ओळखायला कान लागतो. ३० सप्टेंबर २०१४ ला हेच बेल वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनात पुन्हा वाजवायला उभे राहिले. या खेपेला आधी जाहीर केलेलं होतं. गर्दी लोटली. व्हायोलिन तेच, माणूस तोच, गावही तेच, फक्त सही झालेली होती. यात त्या लोकांना मी तरी काय हसू? माझ्या काउंटरसमोर आख्खा माणूस उभा असतो आणि मी त्याच्याकडे न बघता त्याची सही जुळते का ते बघतो.

दुसरं म्हणजे घाई. प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. तो १९७३ साली छापून आला. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषयच होता वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उचलणाऱ्या परोपकारी परक्याची बायबलमधली गोष्ट. आणि वाटेत खरोखरच एक माणूस कण्हत पडलेला ठेवला होता. ज्यांना ‘सवडीने जा’ म्हटलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ‘वेळ झालीच आहे’ म्हटलेल्यांतले ४५ टक्के. आणि ‘उशीर झालाय, पळा’ म्हटलेल्यांतले १० टक्के. काही जण तर परोपकारावर बोलायला जाता जाता त्या माणसाला ओलांडून गेले. भाषण कशावर आहे याने विशेष फरक पडला नाही. तात्पर्य, माणूस वाईट नसतो. माणूस आठ सातच्या गाडीचा असतो.

त्या वॉशिंग्टनच्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र मला टोचते. समोरून जी लहान मुलं गेली त्या सगळ्यांनी थांबायचा प्रयत्न केला, आणि प्रत्येकाला त्याच्या आईने किंवा बापाने ओढून नेलं. मुलांना कुणी सही दाखवलेली नसते आणि त्यांचा मस्टर नसतो. आमचे चिरंजीव पाच वर्षांचे असताना पुलावर असेच मान मागे वळवून चालत. आता ते बारावीत आहेत. आता कानात दोन बोंडं घालून माझ्यापुढे दहा पावलं चालतात.

पूर्वी आपल्याकडे ही पंचाईत नव्हती. लहानपणी आजोळी पहाटे वासुदेव यायचा. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या. त्याच्यासाठी कुणी थांबत नसे, हे लक्षात घ्या. आजी अंगण झाडत असे, मामी पाण्याला निघालेली असे, मामा धारेला बसलेला असे. थांबायचा तो वासुदेव. दारापुढे उभा राहायचा, म्हणायचं ते म्हणायचा, आजी सुपातून जोंधळे घालायची. मग तो देवांची आणि संतांची नावं घेऊन त्यांना हे दान पावल्याचं सांगायचा आणि पुढच्या दारी जायचा. पावलं म्हणजे पोहोचलं. पावती हा शब्द त्याच क्रियापदातून आलेला आहे. मूठभर जोंधळ्यांची तोंडी पावती, तीही थेट देवाच्या खात्यावर जमा झाल्याची! आमच्याकडे दोन लाखांच्या ठेवीला एवढी पक्की पावती मिळत नाही. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम, सगळ्यांनी या वासुदेवाला आपल्या रचनेत घेतलं, ते उगीच नाही. गावगाड्यात तर गोंधळ्यासारख्यांची गणना अलुतेदारांत होत असे, सुगीच्या धान्यात त्यांचा वाटा ठरलेला असे. वाटा हा हक्क असतो, भीक नव्हे. अर्थात त्या हक्काला जातीचं कुंपणही होतं; गोंधळ्याच्या पोराला गोंधळच घालावा लागे, तो काही तलाठी होऊ शकत नव्हता. तेव्हा फार उसासे टाकण्यात अर्थ नाही.

शहरात गणित उलटं झालं. इथे गाणारा बसलेला असतो आणि ऐकणारा चालता. थांबायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर आली. आणि कायदा काय म्हणतो? मुंबईचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भीक मागण्याची जी व्याख्या दिली आहे तिच्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा कोणत्याही मिषाने सार्वजनिक जागी पैसे घेणंही येतं. ‘मिषाने’ हा शब्द मला गंमतीचा वाटला. म्हणजे मूळ धंदा भिकेचा आणि गाणं हा नुसता बहाणा! या न्यायाने पाहिलं तर आमच्याकडे पगाराच्या मिषाने काम करणारे बरेच आहेत. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने यातली बरीचशी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. पण आमचा पूल काही दिल्लीत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर एका मंगळवारी मी ठरवून थांबलो. आमच्याकडे तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा जाते. त्या महिन्यात माझ्या नावावर एकच होता, म्हणजे तेवढी ऐपत होती. खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, असा मी त्याच्यापासून तीन फुटांवर उभा राहिलो आणि चेहऱ्यावर रसिकाचा भाव आणला.

पहिलं मिनिट बरं गेलं. मग त्याची नजर माझ्या बुटांवरून पट्टीवर गेली. गाण्याची लय उतरली. दुसऱ्या मिनिटाला त्याने भाता बंद केला आणि फडक्यावरची नाणी गोळा करायला लागला.

‘‘उठतो साहेब, उठतो.’’

‘‘अहो मामा, उठू नका. मी ऐकतोय.’’

‘‘काय ऐकताय?’’

‘‘गाणं.’’

त्याने पुन्हा पट्टीकडे पाहिलं. ‘‘रेल्वेचे नाही?’’

‘‘नाही, बँकेचा.’’

‘‘मी पेटीवर कर्ज काढलेलं नाही,’’ तो म्हणाला.

त्याची समजूत पटायला आणखी दोन मिनिटं गेली. तो म्हणाला, थांबणारी माणसं दोनच तऱ्हेची असतात. एक उठवणारे, दुसरे फोनवर चित्र घेणारे. चित्र घेणारेही गाणं संपायच्या आत जातात, त्यांना अर्धा मिनिटच लागतो. मी त्याला सांगितलं की माझा फोन खिशात आहे आणि मला पुढचं ऐकायचं आहे.

‘‘पुढचं म्हणजे अंतरा?’’

‘‘हो, तोच.’’

तो हसला. मग त्याने मला त्याच्या धंद्याची मेख सांगितली. पुलाच्या या जिन्यापासून त्या जिन्यापर्यंत माणूस किती वेळात जातो, याचा त्याचा अंदाज पक्का आहे. तेवढ्यात जे बसतं ते म्हणायचं. तेवढ्यात बसतो फक्त मुखडा. ओळखीचा मुखडा कानावर पडला की हात खिशात जातो, अंतऱ्यापर्यंत माणूस जिना उतरून गेलेला असतो. म्हणून तो मुखडा संपला की पुन्हा मुखडाच घेतो. सकाळभर नुसते मुखडे. ‘‘अंतरे येतात सगळे. वडिलांनी छडी मारून पाठ करून घेतलेत. पण ते म्हणायचे कधी, तर पावसात गाड्या बंद पडतात तेव्हा. मग माणसं पुलावरच अडकतात. त्या दिवशी सगळं म्हणून घेतो. अभंगसुद्धा शेवटच्या नावापर्यंत.’’

मला मुंबईतल्या बंद गाड्यांचे आजवर पुष्कळ तोटे माहीत होते.

मग त्याने भाता उघडला आणि अंतरा म्हटला. वर जाताना आवाज फाटेल असं मला वाटलं होतं. तो फाटला नाही, पातळ झाला आणि वरच राहिला. ती अडकणारी काळी पट्टी नेमकी तिथेच लागते. त्याने ती करंगळीने उचलली, पुन्हा दाबली, पुन्हा उचलली. माझ्या दोन्ही बाजूंनी आठ सातची माणसं आदळत होती. एकाने ‘मधे काय उभे राहता’ असं म्हणून पुढे योग्य तो शब्दही जोडला. बरोबरच होतं. मी रोज तोच शब्द वापरतो. जिन्याखालून गाडी निघाल्याचा आवाज आला तेव्हा गाणं समेवर यायचं होतं.

माझ्यात काही फरक पडला का? मला तरी जाणवला नाही. पुढची गाडी मिळाली, ती स्लो होती. अंगठा लावायच्या यंत्राने वेळ टिपून घेतली. दिवसभर डेबिट-क्रेडिट जुळलं.

थांबण्याची खरी भानगड नंतर कळते. माणूस एकदा थांबला की समोरच्याला त्याच्याशी बोलता येतं. ‘‘बँकेत आहात तर एक काम होतं,’’ त्याने निघताना मला सांगितलंच होतं. लोकांकडे सुट्टे पैसे राहिले नाहीत. फोनने पैसे देण्याची सोय २०१६ साली आली आणि हळूहळू त्याचं फडकं हलकं होत गेलं. त्याला चहावाल्यासारखा तो काळ्या चौकटींचा कागद हवा होता. फोन होता, पण त्याला जोडायला खातं नव्हतं. ‘‘कागद पुरे. चहावाल्याकडे तो डबा आहे ना, दहा रुपये मिळाले म्हणून बोलतो, तो नको. मधेच बोलेल, सूर जाईल.’’

तो शाखेत आला तेव्हा पांढरा सदरा घालून आला होता. आधार होतं, फोटो होते. अर्ज मीच भरायला घेतला आणि ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी पेन थांबलं. नोकरी, व्यापार, शेती, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त, इतर. मघाचा कायदा वाचलेला नसता तर बरं झालं असतं. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर लिहिलं, ‘गायक’.

अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी चष्मा वर केला.

‘‘गायक म्हणजे? कुठे गातात?’’

‘‘पुलावर.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘आपल्याच. तुम्ही त्याच पुलावरून येता, साहेब.’’

साहेब जरा वेळ आठवत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात एका जुन्या गाण्याचा मुखडा गुणगुणून विचारलं, ‘‘हा?’’

‘‘हाच.’’

‘‘बरा गातो,’’ साहेब म्हणाले, ‘‘पण पुढचं कधी म्हणत नाही.’’ आणि त्यांनी सही केली.

आता नमुन्याची सही राहिली होती. मी त्याला कार्ड दिलं, चौकट दाखवली, पेन दिलं. मागे रांग दारापर्यंत गेली होती, आणि तिच्यातून ‘अहो, लवकर आवरा’ असे सूर निघायला लागले होते. त्याने आधी हात सदऱ्याला पुसला. मग स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं, खाली रेघ ओढली आणि शेवटी रेघेखाली दोन टिंबं दिली.